पद्मिनीला स्पोर्ट्स कॉइल: तो पांढरा तुकडा फेकू नका भाऊ

प्रश्न थोडक्यात असा आहे. ८६ची प्रीमियर पद्मिनी, इंजिन ओरिजिनल १०८९ सीसीचंच, पॉइंटवाला डेल्को (प्लगांना ठिणगी वाटणारी टोपीची डबी, आणि पॉइंट म्हणजे तिच्या आत उघडझाप करणाऱ्या दोन टिकल्या). गाडी सत्तरच्या वर गेली की मिसिंग करून राहिली, आणि दुपारच्या, नागपुरातल्या सीताबर्डीच्या ट्रॅफिकमध्ये तापली की बंद पडते, अर्ध्या तासानं पुन्हा काही न करता चालू होते. म्हणून ऑनलाइन सोनेरी रंगाची स्पोर्ट्स कॉइल (बॅटरीच्या करंटपासून ठिणगीचे हजारो व्होल्ट बनवते ती) मागवली, डब्यावर ४०,००० व्होल्ट लिहिलेलं. सोबत एक पांढरा चिनीमातीचा तुकडा निघाला, दोन्ही टोकांना टर्मिनलं असलेला. मिस्त्रीचं म्हणणं, हा फेकून द्या, कॉइलला बॅटरीपासून डायरेक्ट वायर देऊन टाकतो. कॉइलच्या प्लस-मायनसमध्ये मीटरनं १.७ ओहम दाखवले. आता विचारून राहिले की कोणती वायर कुठे लावायची.

पहिले तो पांढरा तुकडा डब्यात परत ठेवा, जपून. तो बॅलास्ट रेझिस्टर आहे, म्हणजे कॉइलचा करंट आवरणारा, आणि तुमच्या केसमध्ये कॉइलपेक्षा तोच महत्त्वाचा आहे.

१.७चं काय ते सांगतो. मीटर ओहमवर ठेवून त्याच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा, काही न मोजता. साध्या मीटरवर तिथेच ०.२ किंवा ०.३ येते, ती पिनांच्या वायरींची स्वतःची रेझिस्टन्स आहे. ती वजा करा. म्हणजे तुमची कॉइल १.५ ओहमची झाली. आणि १.५ म्हणजे बॅलास्टवाली कॉइल, दुसरा अर्थ नाही. साधी १२ व्होल्टची, बॅलास्ट न लागणारी कॉइल ३ ओहमच्या आसपास असते, आणि इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलसाठी बनवलेल्या काही कॉइली ०.६ वगैरे असतात. रंगावर आणि डब्यावर जाऊ नका, ब्रँडवरही नाही, एकाच कंपनीची एकसारखी दिसणारी कॉइल दोन्ही प्रकारात येते. लुकासच्या सोनेरी स्पोर्ट्स कॉइलचंच पाहा, डीएलबी१०५ ही ३ ओहमची आणि डीएलबी११० ही बॅलास्टवाली, दुरून पाहिलं तर दोघी बहिणी. मीटर सांगते तेच खरं. हो, आणि मोजायचं सकाळी, गाडी थंड असताना. तांब्याची रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के वाढते, आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली ४५ डिग्री सहज असते, तेव्हा २० डिग्रीला ३ असणारी कॉइल ३.३ दाखवेल आणि तुम्ही उगाच डोकं खाजवत बसाल.

आता मिस्त्रीच्या डायरेक्टचा हिशोब करा. इंजिन चालू असताना चार्जिंग १४ व्होल्टच्या आसपास असते. १४ भागिले १.५, म्हणजे ९ अँपिअरच्या वर. पॉइंटची झेपेल अशी मर्यादा साधारण ४ अँपिअर, ४.५ म्हटलं तरी चालेल. त्याच्या दुप्पट करंट त्या एवढ्याशा दोन टिकल्यांतून जाऊन राहिला तर काय होईल, पॉइंट काही दिवसांतच जळून काळे पडतील, गॅप बदलेल, टायमिंग (ठिणगीची वेळ) हलेल, आणि कॉइल आतून तापून तिचं तेल बाहेर येईल. आणि गंमत अशी की पहिले दोन-तीन दिवस गाडी मस्त पळते, पिकअप जबरदस्त वाटतो, म्हणून तर हा डायरेक्टचा प्रकार इतका चालते. मग पंधरा दिवसांनी लोक म्हणतात कॉइल डुप्लिकेट निघाली. डुप्लिकेट नसते हो ती, भाजून काढलेली असते.

१.५ची कॉइल आणि १.५चा बॅलास्ट एकामागे एक लावले की एकूण ३ ओहम होतात, करंट पुन्हा साडेचारच्या आसपास येते. मग कोणी म्हणेल, एकूण ३च करायचे तर साधी ३ ओहमचीच कॉइल काय वाईट? वाईट नाही, उलट पॉइंटवाल्या पद्मिनीसाठी मला विचारून घेतली असती तर मी ३ ओहमचीच घ्या म्हटलं असतं, भानगड कमी. बॅलास्टवाल्या कॉइलचा फायदा दोन ठिकाणी आहे. एक तर तिच्या प्रायमरीला, म्हणजे बॅटरीचा करंट जातो त्या आतल्या तारेला, वेढे कमी, त्यामुळे करंट लवकर चढते. चार सिलिंडरच्या इंजिनाला ४५०० आरपीएमवर सेकंदाला १५० ठिणग्या लागतात, म्हणजे एका ठिणगीमागे जेमतेम साडेसहा मिलिसेकंद, आणि त्यातलेही पॉइंट बंद, म्हणजे टिकल्या एकमेकींना टेकलेल्या, असतात फक्त दोन तृतीयांश वेळ. चार-साडेचार मिलिसेकंदांत कॉइल भरली तर भरली, नाही तर अर्धी भरलेली कॉइलच ठिणगी मारते. दुसरा फायदा सेल्फ मारताना, तो पुढे सांगतो.

आणि त्या ४०,००० व्होल्टबद्दल. कॉइल कधीच पूर्ण ४०,००० मारत नाही. प्लगच्या गॅपमध्ये ठिणगी उडायला जेवढं व्होल्टेज लागते तेवढ्यावर ती उडून जाते, तिथून पुढे व्होल्टेज चढतच नाही. चांगल्या प्लगला, ०.६ मिलिमीटर गॅपवर, सामान्य लोडला १०-१५ हजारांत काम होऊन जाते. म्हणजे गाडी निरोगी असेल तर नुसत्या कॉइलनं हॉर्सपॉवर वाढत नाही, कोणी काहीही सांगो. कॉइलचा दम दिसते तो अडचणीत: हाय आरपीएम, चढावर फुल लोड, गार इंजिन, झिजलेला प्लग. त्या अडचणीच्या वेळेला तिच्याकडे साठवलेली ताकद किती, हा प्रश्न आहे, आणि ती ताकद ठरते करंटवर. करंटच्या वर्गावर, खरं तर. म्हणून तुमच्या गाडीत नवीन कॉइल लावायच्या आधी जुनीवरच दोन मापं घ्या, मला तर वाटते निम्मा आजार तिथेच सापडेल.

पहिलं माप असं. डेल्कोची टोपी काढा, इंजिन हातानं किंवा टॉपला टाकून गाडी ढकलत थोडं फिरवा, पॉइंट बंद होतील असं. चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. मीटर डीसी व्होल्टवर. लाल पिन बॅटरीच्या प्लसच्या खांबावर, टर्मिनलच्या कडीवर नाही, खांबावरच. काळी पिन कॉइलच्या प्लसवर. जे येते ते म्हणजे बॅटरीपासून कॉइलपर्यंत वाटेत किती व्होल्ट गळले. चांगल्या गाडीत अर्ध्याच्या आत पाहिजे. चाळीस वर्षांच्या पद्मिनीत, जिचा इग्निशन स्विच कधी बदललेला नाही आणि डॅशबोर्डखाली तीन मिस्त्र्यांनी टेप मारून जोड दिलेत, तिथे दीड-दोन व्होल्ट आले तर मला काही नवल नाही वाटणार. १२.४ मधून २ गेले की कॉइलला १०.४ मिळाले. करंट कमी झाला सोळा टक्के, पण ताकद वर्गावर जाते ना, ती पडली तीस टक्के. मग तुम्ही कितीही भारी कॉइल आणा, ती त्या उपाशी वायरीवरच बसणार.

याच मापात अजून एक कळून जाते. गळती चार-पाच-सहा व्होल्ट आली, म्हणजे कॉइलच्या प्लसवर ६-८च व्होल्ट, तर तुमच्या वायरिंगमध्ये कोणीतरी आधीच कुठेतरी बॅलास्ट घालून ठेवला आहे, शोधा तो. दोन बॅलास्ट एका लायनीत झाले तर ठिणगी पार मरते.

दुसरं माप: पॉइंट बंदच, चावी ऑनच, आता लाल पिन कॉइलच्या मायनसवर, काळी बॅटरीच्या मायनस खांबावर. इथे ०.२-०.३च्या आत पाहिजे. जास्त आलं तर पॉइंट खराब, किंवा डेल्कोच्या आतली प्लेटची अर्थिंगची ती बारीक वेणीसारखी वायर तुटत आली आहे, किंवा इंजिन ते बॉडीची पट्टी गंजली आहे. ती बारीक वायर कोणी बघत नाही. व्हॅक्युमनं प्लेट हलते तशी ती हजारो वेळा वाकते, कापडाच्या आवरणाच्या आत दोन-चार तारा शिल्लक राहतात, वरून एकदम ठीक दिसते. चिमट्यानं धरून हलकं ओढून पाहा, लांबली तर गेली समजा. तुमचं मिसिंग याच वायरीमुळे असू शकते, कारण व्हॅक्युमनं प्लेट सरकली की ती ताणली जाते.

मापं झाली की लगेच चावी बंद करा. पॉइंट बंद आणि चावी ऑन अशी गाडी पाच-दहा मिनिटं राहिली तर कोणतीही कॉइल विनाकारण तापते.

आता दुपारी बंद पडण्याचं. हे कॉइलचं असेलच असं नाही हो. तापून आतली तार उघडणारी कॉइल आणि तापून दगा देणारा कंडेन्सर (पॉइंटला जोडलेली, त्यांच्यावरची ठिणगी दाबणारी छोटी डबी), दोघंही अगदी असंच वागतात, गार झाले की चालू. पण नागपूरच्या मे महिन्यात पेट्रोल पंपात आणि लायनीत वाफ होऊन अडकणं हेही तंतोतंत असंच दिसते. फरक ओळखायचा एकच मार्ग, जिथे बंद पडली तिथेच, गार व्हायच्या आत बघणं. कॉइलमधून डेल्कोत जाणारी मधली जाड वायर डेल्कोतून काढा, तिचं टोक इंजिनाच्या कोऱ्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर राहील असं सुक्या लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या चिमट्यानं अडकवा, हातात धरू नका, पेट्रोलच्या पाइपजवळ नको, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी-पांढरी, टक् टक् आवाजाची ठिणगी आली तर करंट ठीक आहे, पेट्रोलकडे बघा, पंपावर ओला फडका टाका. पिवळी, बारीक, कधी आहे कधी नाही अशी आली, किंवा आलीच नाही, तर करंटचा दोष. मग पहिले कंडेन्सर बदला, शंभर-दोनशेची वस्तू, आणि मगच कॉइलवर या. आजकाल मिळणारे नवे कंडेन्सर पुष्कळदा जुन्यापेक्षा वाईट असतात, म्हणून दोन घ्या, एक लावून चालवून पाहा आणि चालला की दुसराही चालवून पाहून मगच डिकीत ठेवा.

बरं, आता वायरिंग. मी रिले, म्हणजे बारीक करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, टाकूनच करा म्हणतो. जुनी वायर आणि जुना स्विच यांच्यावरून चार-पाच अँपिअर नेण्यापेक्षा त्यांना फक्त रिले ओढायचं काम द्या, ते तर दीड-दोनशे मिलिअँपिअरचं आहे. स्पेअर पार्टच्या दुकानात बारा व्होल्टचा चार पायांचा हॉर्न रिले मागा, सॉकेटसकट. पायांवर आकडे असतात. ३० नंबरला बॅटरीच्या प्लसपासून नवी वायर आणा, २.५ स्क्वेअर एमएमची, मल्टिस्ट्रँड, ऑटोचीच, घरातल्या फिटिंगची कडक वायर नको, ती हादऱ्यानं तुटते. या वायरीत बॅटरीपासून वीतभराच्या आतच १५ अँपिअरचा फ्यूज. जुन्या पुष्कळ गाड्यांत इग्निशनला फ्यूज नसतो आणि लोक म्हणतात फ्यूज उडला तर गाडी रस्त्यात थांबेल म्हणून नकोच. पण ही तुमची नवी वायर चोवीस तास जिवंत राहणार आहे, चावी बंद असली तरी. ती कुठे घासून बॉडीला लागली तर गाडी थांबणार नाही, पेटेल. फ्यूज टाका.

८६ नंबरला कॉइलच्या प्लसवर आत्ता जी जुनी वायर आहे ती काढून लावा. ८५ नंबर बॉडीला, रंग खरवडून, चांगल्या अर्थिंगला. ८७ नंबरवरून वायर बॅलास्टच्या एका टोकाला, बॅलास्टच्या दुसऱ्या टोकावरून कॉइलच्या प्लसला. कॉइलच्या मायनसवरून डेल्कोला, जशी आहे तशीच. बॅलास्टला दिशा नसते, कसाही लावा. कंडेन्सर आहे तिथेच डेल्कोवर राहील. कॉइलच्या क्लँपला रेडिओसाठी दुसरा एखादा कंडेन्सर लावलेला दिसला तर त्याची वायर प्लसच्या बाजूलाच पाहिजे, मायनसला लागली तर दोन कंडेन्सर मिळून ठिणगी खाऊन टाकतात, हे मी नव्यानं रंगवलेल्या गाड्यांत पुष्कळ पाहिलं, रंगवाला सगळं उतरवतो आणि लावताना जिथे जागा दिसली तिथे लावतो.

जोड कसे करता यावर सगळं आहे. लग क्रिंपरनं दाबा, पकडीनं चेपू नका, वर स्लीव्ह चढवा. नुसतं पिळून टेप मारलेला जोड आपल्या उन्हाळ्यात टिकत नाही, टेपचा गोंद वितळून सरकतो आणि जुलैमध्ये त्यातच पाणी. रिले उभा लावा, पाय खाली, म्हणजे पाणी आत साचत नाही. बॅलास्टच्या पहिल्या टोकाजवळ जुन्या वायरीसाठी एक बुलेट कनेक्टर मोकळा ठेवून द्या, रिले कधी रस्त्यात गेला तर जुनी वायर ८६ वरून काढून बॅलास्टच्या पहिल्या टोकाला जोडली की घरी येता.

बॅलास्ट कुठे लावता तेही बघा. ४ अँपिअर गुणिले ४ गुणिले १.५, म्हणजे २४ वॉट. पंचवीस वॉटच्या सोल्डरिंग आयर्नएवढा तो तापतो, हात लावला तर फोड येईल. म्हणून फायरवॉलच्या किंवा आतल्या मडगार्डच्या उघड्या पत्र्यावर स्क्रूनं, वायरिंगच्या जुडग्यापासून आणि पेट्रोलच्या पाइपपासून लांब. वायरीला चिकटवून केबल टायनं बांधलेले बॅलास्ट पाहिलेत मी, मग वायर वितळली म्हणून बोंब. कॉइलही एक्झॉस्टच्या बाजूला नको, क्लँप बॉडीच्या पत्र्याला घट्ट, त्यातूनच तिची उष्णता जाते. तेल भरलेली कॉइल असेल तर टर्मिनलं वर राहतील अशी उभी लावा.

आता सेल्फच्या वेळचा फायदा. सेल्फ मारला की बॅटरी १०, कधी ९ व्होल्टवर येते. तेवढ्यापुरता बॅलास्ट बाजूला ठेवून १.५च्या कॉइलला सरळ ९-१० व्होल्ट दिले तर करंट सहाच्या वर जातो, ठिणगी कडक, गाडी एका झटक्यात चालू. दोन-चार सेकंदांत पॉइंटचं काही बिघडत नाही. कंपनीनंच बॅलास्ट दिलेल्या गाड्यांत यासाठी सेल्फच्या सोलेनॉइडवर (सेल्फला बॅटरी जोडणारा जाड स्विच) एक जादा टर्मिनल असते, तिथून वायर थेट कॉइलच्या प्लसला. तुमच्या सोलेनॉइडवर ते नसेल तर सोलेनॉइडच्या बारीक ट्रिगर टर्मिनलवरून कॉइलच्या प्लसला वायर टाकून द्यायचा मोह होईल, अजिबात टाकू नका. सेल्फ सोडल्यावर कॉइलच्या प्लसवरचे सात-आठ व्होल्ट त्याच वायरीनं उलटे सोलेनॉइडला जातात आणि सेल्फ सुटतच नाही, इंजिन चालू आणि सेल्फ घरघरत फिरून राहिला. करायचंच तर दुसरा रिले: ट्रिगर टर्मिनलवरून ८६, ८५ अर्थिंग, ३० फ्यूजनंतरच्या प्लसवर, ८७ कॉइलच्या प्लसला. पण खरं सांगू, नागपुरात याची एवढी गरज नाही. बायपास नसला तरी बॅलास्ट धरून ३ ओहमच होतात, म्हणजे साध्या कॉइलवर गाडी जशी चालू व्हायची तशीच होणार, वाईट काही नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गाडी काढायची असेल आणि बॅटरी जुनी असेल तर टाका. नाही तर राहू द्या, जितक्या वायरी कमी तितकं बरं.

रिलेचा एक त्रास सांगून ठेवतो, कारण तो झाला की लोक घाबरतात. चावी बंद केली आणि इंजिन बंदच होत नाही. होते असं की चार्जिंगचा लाल दिवा एका बाजूनं इग्निशनच्या लायनीला आणि दुसऱ्या बाजूनं अल्टरनेटरला जोडलेला असतो, डायनमोतही तसंच. चावी बंद केल्यावर अल्टरनेटर फिरतच असते, त्याचा करंट दिव्यातून उलटा येऊन रिलेला धरून ठेवतो. रिले ओढायला आठेक व्होल्ट लागत असले तरी धरून राहायला त्याच्या निम्मेही पुरतात. बहुतेक गाड्यांत हा प्रकार होत नाही, कारण त्याच लायनीवर पेट्रोलचा काटा वगैरे लोड असतात आणि ते तो उलटा करंट पिऊन टाकतात. झालाच तर सीताबर्डीत इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात १एन४००७ नावाचा डायोड मिळते, दोन-पाच रुपयांचा. दिव्यापासून अल्टरनेटरकडे जाणाऱ्या वायरीत टाका, पट्टीची बाजू अल्टरनेटरकडे. दिवा आधीसारखाच लागेल, उलटं येणं बंद.

प्लस-मायनस उलटं लावलं तर? गाडी चालू होते, म्हणूनच पुष्कळांचं वर्षानुवर्षं उलटं असते. पण प्लगचा मधला इलेक्ट्रोड गरम असतो, आणि त्या गरम टोकाकडून ठिणगी निघायला कमी व्होल्टेज लागते. उलटी लावली की तीच ठिणगी उडवायला जास्त जोर लागतो, म्हणजे नवीन कॉइलनं जे कमावलं ते इथे गमावलं. फियाटची गाडी मुळापासून निगेटिव्ह अर्थिंगची, म्हणजे बॅटरीचा मायनस बॉडीला, त्यामुळे तुमचं सोपं आहे, प्लस म्हणजे चावीकडून येणारी, मायनस म्हणजे डेल्कोकडे जाणारी. ज्यांच्याकडे जुनी मॉरिस, एमजी वगैरे पॉझिटिव्ह अर्थिंगच्या ब्रिटिश गाड्या आहेत आणि नंतर कोणी निगेटिव्ह करून ठेवल्या, त्यांनी मात्र कॉइलच्या वायरी अदलाबदल झाल्या का ते पाहावं. जुन्या लुकास कॉइलवर प्लस-मायनस नसते, एसडब्ल्यू आणि सीबी लिहिलेलं असते, मूळ पॉझिटिव्ह अर्थिंगला एसडब्ल्यू स्विचला, सीबी पॉइंटला, आणि निगेटिव्ह केली की या दोघांची अदलाबदल. आणि त्या गाड्यांत स्मिथ्सचा जुना आरपीएम मीटर असेल, ज्याच्या मागून कॉइलची वायर वेढा घेऊन जाते, तर रिलेची नवी वायर टाकली की तो मीटर झोपतो, कारण कॉइलचा करंट आता त्याच्यातून जातच नाही. मग ८७ची वायर त्या वेढ्यातून फिरवून आणावी लागते.

पॉइंट काढून परट्रॉनिक्स कंपनीसारखं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल टाकायचा विचार असेल तर तो आत्ताच करा, कारण कॉइल त्याच्यावर ठरते. त्यांच्या पहिल्या पिढीच्या इग्निटरला चार सिलिंडरमध्ये ३ ओहम लागतात, तुमची ही १.५ची एकटी लावली तर मॉड्यूल जाईल. बॅलास्टसोबत चालेल, पण मॉड्यूलची लाल वायर बॅलास्टच्या आधी, पूर्ण १२ व्होल्टवर, आणि बॅलास्ट फक्त कॉइलच्या वाटेत. मला स्वतःला लांबच्या रस्त्यासाठी पॉइंटच आवडतात, कारण ते हळूहळू बिघडतात आणि काटोल रोडवर कुठेही घासून चालू करता येतात. मॉड्यूल बिघडले की बिघडले.

कॉइल बसली की डेल्कोची टोपी आणि रोटर (टोपीखाली फिरणारा, ठिणगी वाटणारा हात) रात्री अंधारात बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून बघा. जास्त जोराची कॉइल आली की जुनं प्लास्टिक उघडं पडते. टोपीवरून, प्लग वायरींवरून निळ्या रेघा सरपटताना दिसल्या तर वायरी आणि टोपी बदला. रोटरमध्ये केसाएवढी भेग असेल तर ठिणगी तिच्यातून खाली शाफ्टला जाते, ती बाहेरून दिसत नाही, काढून उजेडात बघावं लागते. मग पॉइंटचा गॅप मॅन्युअलप्रमाणे, आणि गॅपनंतरच टायमिंग, कारण गॅप बदलला की टायमिंग बदलते, उलट क्रमानं केलं तर पुन्हा करावं लागेल. प्लगचा गॅप ०.६ वरून ०.७ करून पाहा, बंद होत नाही, मिस करत नाही असं दिसलं तर ०.८, त्याच्यापुढे पॉइंटवाल्या गाडीत जाऊ नका. प्लग कोणते घ्यायचे हे मिस्त्रीला विचारलं तर तो मायकोचे म्हणेल, कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं तरी आपल्याकडे ते मायकोच आहे, हीट रेंज (प्लग किती गरम राहतो ती श्रेणी) तेवढी जुनीच ठेवा.

चाचणीला वर्धा रोडवर बुटीबोरीपर्यंत सत्तर-ऐंशीनं जाऊन या, पण सपाट रस्त्यावर ठिणगीची खरी परीक्षा होत नाही. रामटेकला गडावर टॉप किंवा थर्डमध्ये, ॲक्सिलरेटर दाबून चढवा. लोडवर सिलिंडरमधलं प्रेशर वाढते, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते, मिसिंग असेल तर तिथे झटके देईलच. तिथे साफ चढली तर कॉइलचं काम झालं.

जुनी कॉइल फेकू नका, ती चांगली निघाली तर डिकीत. आणि आधी ती तीन मापं घेऊन कळवा: बॅटरी प्लस ते कॉइल प्लस किती व्होल्ट, कॉइल मायनस ते बॅटरी मायनस किती, आणि जुनी कॉइल थंड असताना किती ओहम. पहिलं माप एकच्या वर आलं तर नवीन कॉइलला हात न लावता नुसता रिले टाकून जुनीवरच एक दिवस गाडी चालवून बघा, तेव्हा बॅलास्ट नको, ८७ वरून सरळ जुन्या कॉइलच्या प्लसला, जर ती ३ ओहमची असेल तर.